पंख्याची दोरी, थर्मोस्टॅटची तार
वर्धा जिल्ह्यात, तळेगाव (श्यामजी पंत) परिसरात, मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ब्रिटिश काळात विदर्भातील साहेबांच्या कचेऱ्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जाई. तिथे बसलेला पंखेवाला ती तासन्‌तास ओढी. आतला उकाडा त्याला कळायचा तो साहेबाच्या हाकेनेच.

१८८३ मध्ये अमेरिकेतील शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. वर्गातले तापमान बदलले की तारेतून बॉयलरपाशी घंटा वाजे. आज वातानुकूलन यंत्रणेत सेन्सरची तार कंट्रोलरला जोडतात, ती याच तत्त्वावर.

विजेचे पंखे आले, दोरी गेली. तिच्याबरोबर पंखेवाल्याची रोजीरोटीही गेली.