पाच गुणिले अकरा

वढू बुद्रुक म्हटलं की तुम्हाला 1689 आठवणार, शंभूराजांची समाधी आठवणार. आजचा इतिहास मात्र आमच्या वढूतल्या गोठ्याच्या छपरावरून सुरू होतो.

मे महिन्यात गोठ्याचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायला काढले. आप्पा, म्हणजे माझे चुलते, ग्राइंडर घेऊन पत्रा कापायला बसले. तोंडात बिडी. पांढरी धूळ उडतेय आणि मी शेजारी उभा राहून मोबाइलवर शोधतोय, या पत्र्यात असतं काय? तर ॲस्बेस्टॉस. खनिजाचे इतके बारीक तंतू की श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात जातात आणि तिथेच राहतात.

1955 मध्ये रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकाने रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या 113 जुन्या कामगारांचा हिशोब मांडला. एरवी त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरने एखादाच मृत्यू व्हायला हवा होता. झाले 11. सिगारेट आणि कॅन्सरचं नातं पुढे आणणाऱ्यांमध्येही हेच डॉल होते. पण या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या तर?

त्याचं उत्तर अमेरिकेतून आलं. हॅमंड, सेलिकॉफ आणि सीडमन यांनी ॲस्बेस्टॉसचं काम करणाऱ्या 17,800 कामगारांवर 10 वर्षं लक्ष ठेवलं आणि 1979 मध्ये आकडे छापले. ॲस्बेस्टॉसही नाही, सिगारेटही नाही, त्या माणसाचा धोका 1 धरा. फक्त ॲस्बेस्टॉस असेल तर साधारण 5. फक्त सिगारेट, 11. दोन्ही असतील तर मी कोड लिहिणारा माणूस, माझ्या डोक्यात आधी बेरीजच आली. पंधरा-सोळा होईल, फार तर. आकडा होता 53. म्हणजे जवळपास पाच गुणिले अकरा! पुढच्या सगळ्या अभ्यासांत गुणाकार इतका चोख जमला नाही, पण बहुतेक अभ्यासांत साध्या बेरजेपेक्षा धोका जास्तच निघाला.

हे काही फक्त तिकडचं नाही. रॉचडेलच्या त्याच उद्योगसमूहाचा कारखाना आपल्या घाटकोपरलाही होता. 27 जानेवारी 1995 ला सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं, कामगारांच्या तब्येतीची नोंद 40 वर्षं जपून ठेवा. चाळीस वर्षं का? कारण हा आजार दोन-तीन दशकं गप्प बसतो. तोवर माणूस रिटायर होऊन गावी गेलेला असतो, आणि खोकल्याचं खापर एकट्या बिडीवर फुटतं.

मी ग्राइंडरची पिन काढली. आप्पा वैतागले, "चाळीस वर्षं याच पत्र्याखाली बसलोय, काय झालं?"

मुद्दा बरोबर होता. अख्ख्या पत्र्याखाली बसणं आणि रोज कारखान्यात ते तंतू हाताळणं, यांत फार फरक आहे. तो 53 चा आकडा आप्पांना लागू नाही. पण पत्रा कापला, फोडला की तंतू मोकळे होतात, आणि बिडीवाल्या फुफ्फुसाचा धोका आधीच चढलेला असतो. मग उरलेले पत्रे पाणी मारून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवले.

बिडीवर आप्पा म्हणाले, "आता सोडून काय उपयोग?" तेव्हा 2013 चा अभ्यास सांगितला. अशाच कामगारांपैकी ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 10 वर्षांत जवळपास निम्म्यावर आले.

"दहा वर्षं? मी एकसष्टचा आहे रे."

"मग एकाहत्तरला बघू की, आप्पा."

बंडल अजून खिशातच आहे. पत्रे गोठ्यामागे ताडपत्रीखाली आहेत, कुठे टाकायचे ते ठरलेलं नाही.