नादाचे चित्र

गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीवरून लेसरचे हिरवे झोत फिरू लागले, त्याला आता काही वर्षे लोटली. 2023 सालच्या मिरवणुकांनंतर महाराष्ट्रात कित्येक तरुणांच्या नेत्रपटलास इजा झाल्याचे आढळले आणि 2024 साली पुण्याच्या पोलिसांनी अशा झोतांना बंदी केली. घरापासून दूर नोकरीच्या गावी ही वार्ता वाचणाऱ्या आमच्या वाचकास हा सारा उथळ धांगडधिंग्याचाच प्रकार वाटला, तर त्यास दोष देववत नाही. तथापि, ह्या खेळाचे कूळ पाहू जाता ते उच्छृंखल नाही. नाद डोळ्यांनी पाहावा, ह्या एका निर्मळ हौसेतून तो जन्मास आला.

ही हौस लेसरहून शंभर वर्षांनी जुनी आहे. झ्यूल लिसाझू ह्या फ्रेंच अध्यापकाने 1857 च्या सुमारास दोन नादकाट्यांना चिमुकले आरसे चिकटवले. एक काटा आडवा कंप पावे, दुसरा उभा. दिव्याची बारीक तिरीप पहिल्या आरशावरून दुसऱ्यावर आणि तेथून पडद्यावर पडली की तेथे वळणदार रेघ उमटे. त्याचा हेतू रंजनाचा नव्हता. दोन स्वर जुळले की नाही, हे कानावर न विसंबता डोळ्यांनी ठरवावे, एवढेच त्याला साधायचे होते. 1858 साली फ्रान्सने वाद्यांचा सर्वमान्य स्वर ठरविण्यासाठी जे मंडळ नेमले, त्यात तो होता.

ह्या आकृतीचे मर्म तंबोऱ्यावर वाढलेल्या कानास समजावून सांगणे कठीण नाही. दोन्ही स्वर एकच असले, तर रेषा, वर्तुळ किंवा लंबवर्तुळ उमटते. षड्ज आणि तार षड्ज घेतले, तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फास पडतो. षड्ज-पंचमाचे दोनास तीन हे प्रमाण घेतले, तर त्याहून गुंतागुंतीची, पण तितकीच बांधेसूद जाळी दिसते. आणि पंचम केसभर ढळला की ती जाळी हळूहळू कूस बदलू लागते. तार लावणाऱ्यास जो कंप ऐकू येतो, तोच येथे फिरताना दिसतो.

लिसाझूला उणीव होती ती तेजाची. दिव्याचा प्रकाश पसरतो, दूर जाता फिका पडतो. 1960 च्या मे महिन्यात थिओडोर मेमन ह्यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेसर पेटवला आणि न पसरणारा, एकाच रंगाचा किरण मनुष्याच्या हाती आला. कलावंताच्या हाती तो जावयास आणखी काही वर्षे लागली.

लोवेल क्रॉस हे संगीतरचनाकार टोरांटोस असताना दूरदर्शन-संचाच्या इलेक्ट्रॉन-झोतास ध्वनीचे तरंग देऊन पडद्यावर आकृती काढीत. (1968 साली जॉन केज आणि मार्सेल द्यूशाँ ज्या नादमय पटावर प्रेक्षकांसमोर बुद्धिबळ खेळले, तो पटही ह्यांनीच बांधलेला.) पुढे बर्कलेचे भौतिकीचे प्राध्यापक कार्सन जेफ्रीज, जे स्वतः शिल्पेही घडवीत, आणि पियानोवादक डेव्हिड ट्यूडर त्यांना मिळाले. 9 मे 1969 रोजी ओकलंडच्या मिल्स कॉलेजात ह्या तिघांनी बहुरंगी लेसरचा प्रयोग केला. विद्युतप्रवाहानुसार आसावर किंचित वळणाऱ्या गॅल्व्हानोमीटरना आरसे जोडलेले होते आणि त्यांना वळवीत होते ते संगीताचेच विद्युत्-तरंग. चित्र संगीतास जोडलेले नव्हते. ते संगीतच होते.

येथे आमच्या अहमदाबादवासी वाचकांस एक सांगणे आहे. त्याच वर्षी हेच ट्यूडर अहमदाबादेस आले आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग सिंथेसायझर बसवून त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी केली. ह्यामागे गीता साराभाई ह्यांचा पुढाकार होता. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी केज ह्यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. येथील ध्वनिमुद्रिते दीर्घकाळ विस्मृतीत पडून होती. त्यांतील निवडक 2023 साली प्रसिद्ध झाली. साबरमतीकाठी राहून ह्या गोष्टीची वार्ताही नसणारे पुष्कळ असतील.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. 1970 च्या ओसाका प्रदर्शनात क्रॉस-जेफ्रीज ह्यांची रचना झळकली. 1973 च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत आयव्हन ड्रायर ह्यांनी तिकीट लावून लेसरचे खेळ सुरू केले आणि मग तो धंदा झाला. संगणकात आधीच कोरून ठेवलेली फुले, नावे, व्यापारचिन्हे आता आरसे काढू लागले. रेषा नादाची राहिली नाही, ती नादाची सजावट झाली. आमच्या मते ह्यात लाभापेक्षा हानी अधिक आहे.

मूळ विद्या जिवंत ठेवली ती हौशी मंडळींनी. डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून त्यावर आरशाची कपची चिकटवायची आणि खाली लाउडस्पीकर ठेवायचा, ही पहिली इयत्ता. पुढची पायरी म्हणजे गॅल्व्हानोमीटरची जोडी. संगणकाच्या ध्वनीचा डावा प्रवाह आडव्या आरशास, उजवा उभ्यास. येथे नवशिका अडतो. ध्वनिसंचातील कपॅसिटर स्थिर दाब पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून आकृती कडेला धरून ठेवू जाता ती सारखी मध्याकडे ओढली जाते. जाणकार ते कपॅसिटर काढून टाकतात. शिवाय आरशास वजन असते. स्वर फार चढला की तो मागे पडतो, आकृती आकसते, आणि कानास ऐकू येणारा स्वर डोळ्यांस दिसेनासा होतो.

खरा धोका मात्र शांततेत आहे. संगीत चालू असेतो किरण सर्वत्र धावतो, कोठेही क्षणापेक्षा अधिक रेंगाळत नाही. वादक थांबला, तार निसटली की आरसे स्थिरावतात आणि सारे तेज एका बिंदूवर एकवटते. डोळ्याचे भिंग त्यास नेत्रपटलावर आणखी बारीक करते, आणि अंधारात बाहुली तर आधीच विस्फारलेली असते. म्हणून काळजीवाहू हौशी मनुष्य किरण सदा श्रोत्यांच्या माथ्यावरून नेतो, आणि आरसे थांबताच लेसर विझवणारे मंडल आधी जोडतो. वाद्याची तार त्यानंतर.