रेड वाईन हृदयासाठी खरंच चांगली असते का?

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांना फायदा होईल, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. भाजपने विरोध केला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, तर वाईन म्हणजे दारू नव्हे असं शिवसेनेचे संजय राऊत म्हणाले. रोज एक ग्लास रेड वाईन हृदयाला चांगली, हा सोशल मीडियावरचा जुना दावाही अशा वेळी हमखास वर येतो.

आधी ‘दारू नव्हे’ हा मुद्दा. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलीच्या एका ग्लासात जवळपास १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असतं. म्हणजे वाईनचा एक ग्लास छोट्या पेगपेक्षा जास्तच भरतो. यकृताला ते अल्कोहोल द्राक्षातून आलं की धान्यातून, याने फरक पडत नाही.

मग हृदयाची गोष्ट आली कुठून? फ्रान्समधून. तिथले लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसत होतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात संशोधक सर्ज रेनॉ यांनी याचं श्रेय वाईनला दिलं. अमेरिकेत रेड वाईनची विक्री लगेच वाढली. पुढच्या वर्षी रेनॉ यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ हा शब्द जगभर पोहोचला.

त्यानंतरच्या अनेक पाहण्यांमध्ये थोडी पिणाऱ्यांना अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी दिसला. गोम आहे ती ‘न पिणारे’ या गटात. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली म्हणून दारू सोडलेले आजारी लोकही त्यात मोजले गेले होते. शिवाय जेवणासोबत मोजून वाईन पिणारा माणूस बहुधा बऱ्या कमाईचा, व्यायाम करणारा, वेळेवर तपासण्या करून घेणारा असतो. त्याची तब्येत वाईनमुळे चांगली की बाकीच्या सगळ्यामुळे? २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ३ लाख ७१ हजार लोकांच्या माहितीचा अभ्यास झाला. जीवनशैलीचा हिशोब धरल्यावर थोड्या पिण्याचा दिसणारा फायदा बराच ओसरला, आणि जनुकीय पद्धतीने पाहिल्यावर अल्कोहोलसोबत धोका वाढतानाच दिसला.

वाईनच्या बाजूचा एक चांगला पुरावाही सांगायला हवा. इस्रायलमध्ये टाईप २ मधुमेहाच्या २२४ रुग्णांना दोन वर्षं रात्रीच्या जेवणासोबत १५० मिली रेड वाईन, व्हाईट वाईन किंवा साधं पाणी देण्यात आलं. २०१५ मध्ये निकाल आला. रेड वाईन घेणाऱ्यांचं एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, थोडं वाढलं. पण हा रक्ततपासणीतला बदल होता. हार्ट अटॅक कमी झाले का, हे तपासण्याएवढा हा प्रयोग मोठा नव्हता. अमेरिकेत तसा मोठा प्रयोग सुरू झाला होता, पण त्याला मद्य कंपन्यांचा पैसा असल्याचा वाद उठला आणि २०१८ मध्ये तो बंद करावा लागला.

रेड वाईनचं खास नाव घेतलं जातं ते द्राक्षाच्या सालीतल्या रेस्वेराट्रॉलसाठी. एक लिटर रेड वाईनमध्ये ते साधारण एक-दोन मिलिग्रॅम, क्वचित थोडं जास्त असतं. माणसांवरच्या प्रयोगांत मात्र शेकडो मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या जातात. ५०० मिलिग्रॅम हवं असेल तर वाईनच्या तीनशेहून जास्त बाटल्या लागतील! इटलीतल्या किआंती या वाईनच्याच मुलखात ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांचा अभ्यास झाला. ज्यांच्या शरीरात रेस्वेराट्रॉल जास्त, ते जास्त जगले नाहीत आणि त्यांना हृदयविकारही कमी झाला नाही. या विषयावर भरपूर लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले दीपक दास यांनी तर आकडेवारीत फेरफार केल्याचं विद्यापीठाच्याच चौकशीत २०१२ मध्ये उघड झालं. एवढं करून हे द्रव्य हवंच असेल, तर ते काळ्या द्राक्षांत आणि शेंगदाण्यातही असतं. परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याच्या बाजारात शेंगदाणे मिळतातच, त्यासाठी नाशिकची बाटली नको.

नुकसानीबद्दल मात्र इतका वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध आहे. तंबाखू किंवा गुटख्यासोबत दारू असेल तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो, आणि आपल्याकडे ही जोडी सर्रास दिसते. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केलं, की आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही.

ज्यांना आवडते म्हणून कधीतरी एखादा ग्लास घेतात, त्यांची गोष्ट वेगळी. तो औषध म्हणून घेतला जात नाही. पण फक्त हृदयासाठी म्हणून नव्याने सुरू करण्याचा सल्ला हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना देत नाहीत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील तर साखर अचानक उतरू शकते. झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर एक ग्लासही टाळायला सांगतात.