समकक्ष समीक्षण

समकक्ष समीक्षण, अर्थात पिअर रिव्ह्यू, म्हणजे एखादा शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच विषयातील अन्य अभ्यासकांकडून तपासून घेण्याची पद्धत होय. हे काम करणाऱ्यांना समीक्षक किंवा रेफरी म्हणतात. बहुतेक वैज्ञानिक नियतकालिके समीक्षकांना मानधन देत नाहीत. अध्यापन, संशोधन किंवा रुग्णसेवा सांभाळून समीक्षक हे काम स्वेच्छेने करतात आणि प्रसिद्ध निबंधावर त्यांचे नाव सहसा नसते.

== कार्यपद्धती ==
निबंध आल्यावर संपादक प्राथमिक छाननी करतो आणि साधारणतः दोन किंवा तीन समीक्षकांकडे तो पाठवतो. संशोधनाची पद्धत योग्य आहे का, नमुना पुरेसा आहे का, आकडेमोड बरोबर आहे का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का, हे समीक्षक पाहतात. निबंध स्वीकारावा, त्यात दुरुस्ती करून घ्यावी किंवा तो नाकारावा, अशी शिफारस ते लेखी अहवालातून करतात. अंतिम निर्णय संपादकाचा असतो.

या पद्धतीचे तीन मुख्य प्रकार आहेत. एकतर्फी अनामिक समीक्षणात लेखकाला समीक्षकाचे नाव कळत नाही. दुतर्फी अनामिक समीक्षणात दोघांनाही एकमेकांची नावे ठाऊक नसतात. खुल्या समीक्षणात नावे, अहवाल किंवा दोन्ही उघड केले जातात.

== इतिहास ==
लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. प्रारंभी निवड मुख्यत्वे संपादकाच्या विवेकावर अवलंबून होती. समीक्षकांकडून लेखी अहवाल घेण्याची प्रथा रॉयल सोसायटीत १८३० च्या दशकात रुजली. बाह्य समीक्षण सर्वत्र रूढ होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. 'नेचर'ने ते १९७३ मध्ये बंधनकारक केले.

समीक्षकाच्या कामाचे एक प्रसिद्ध उदाहरण १९३६ मधील आहे. अल्बर्ट आइन्स्टाईन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नसल्याचे सांगणारा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. संपादकांनी तो समीक्षकाकडे दिल्यामुळे नाराज होऊन आइन्स्टाईन यांनी निबंध परत घेतला. समीक्षक हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन यांनी त्यातील गणिती गफलत दाखवली होती. पुढे निष्कर्ष बदलून हा निबंध १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये या लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. त्यांचाच वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली असून त्याची जागा मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात आहे.

== श्रमाचे मूल्य ==
२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार जगभरातील समीक्षकांनी २०२० या एका वर्षात १० कोटींहून अधिक तास या कामासाठी दिले. त्यांपैकी केवळ अमेरिकेतील समीक्षकांच्या वेळेचे मूल्य दीड अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे त्यात म्हटले आहे. प्रकाशक वर्गणी किंवा प्रकाशनशुल्क आकारतात, मात्र समीक्षण विनामूल्य घेतात, अशी टीका या व्यवस्थेवर होते. मानधन दिल्यास समीक्षकाच्या निःपक्षपातीपणाला बाधा येईल, असे मत दुसऱ्या बाजूने मांडले जाते.

== महाराष्ट्रातील स्थिती ==
नेमणूक आणि पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण मिळू लागल्यावर, शुल्क घेऊन निबंध कोणत्याही खऱ्या समीक्षणाविना छापणाऱ्या नियतकालिकांचा भारतात सुळसुळाट झाला. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट असू शकतील, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. २०१९ मध्ये 'यूजीसी-केअर' यादी सुरू झाली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चाले. २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली. त्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा शिक्षणसंस्था आणि संशोधक यांच्यावर आली.

== बीड जिल्हा आणि स्थानिक समीक्षकाची गरज ==
बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात स्थलांतर करतात. या महिलांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले.

अशा विषयावरील निबंध तपासताना सांख्यिकीसोबत परिसराचे ज्ञानही लागते. ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी मिळून 'एक कोयता' मोजली जाते; कोयत्यांची संख्या ही मजुरांची संख्या मानल्यास आकडा निम्मा होतो. हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात गावात सर्वेक्षण केल्यास नेमकी तोडणीस गेलेली कुटुंबेच नमुन्यातून सुटतात. शस्त्रक्रियेच्या वेळचे वय आणि तुलनेसाठी घेतलेला गट यांची नोंद नसल्यास प्रमाण कमी की जास्त, हेही ठरवता येत नाही. परदेशातील समीक्षकाच्या लक्षात न येणाऱ्या यांतील काही बाबी स्थानिक महाविद्यालयातील प्राध्यापक किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर सहज ओळखू शकतो. अशा निष्कर्षांवर आरोग्यविषयक धोरणे बेतली जात असल्याने त्यांतील चुकीचा परिणाम थेट त्या महिलांवर होतो.

== मर्यादा ==
समीक्षक मूळ प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. त्यामुळे हेतुपुरस्सर बनवलेली माहिती त्याच्या नजरेतून सुटू शकते. अनामिकतेच्या आडून पक्षपात होण्याची आणि निर्णयास विलंब लागण्याची शक्यता असते. समीक्षणच बनावट असल्याचेही आढळले आहे: हिंदावी या प्रकाशनसंस्थेने २०२३ मध्ये ८,००० हून अधिक निबंध मागे घेतले. या त्रुटी असल्या तरी प्रसिद्धीपूर्व तपासणीची सर्वाधिक रूढ पद्धत म्हणून समकक्ष समीक्षणाचे स्थान कायम आहे.