सहा वारांचं कापड आणि त्याला नाव देणाऱ्या बाया

गोधडी म्हटलं की आपल्याला आईचं जुनं लुगडं आठवतं. ते वापरून मऊ झालेलं असतं, शेकडो वेळा धुतलेलं असतं. त्याला जेवढं आटायचं तेवढं ते आटलेलं असतं आणि जो रंग जायचा तो कधीच गेलेला असतो. म्हणून आपण ते फाडतो, थर लावतो आणि सरळ धावदोरा घालायला बसतो. आज मात्र आम्ही ज्या कापडाविषयी बोलणार आहोत, ते कोरं असतं. गोधडीत घालायच्या आधी त्याला तयार करावं लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, नायजेरिया या देशांत बाया ते अंगावर मिरवतात. त्याला वॅक्स प्रिंट म्हणतात. ते कसं धुवायचं हे कळायला ते कसं बनतं हे कळलं पाहिजे, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

आज जो इंडोनेशिया देश आहे, त्यातल्या जावा बेटावर बाया कापडावर गरम मेणाने नक्षी काढत आणि मग ते रंगात बुडवत. मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही. हीच बाटिकची कला. जावावर तेव्हा डच लोकांचं राज्य होतं. हे काम यंत्रावर केलं तर स्वस्तात विकता येईल, असं तिकडच्या कारखानदारांनी ठरवलं. हेलमंड गावात 1846 साली सुरू झालेला व्हिलिस्कोचा कारखाना त्यातलाच एक, आणि तो आजही चालू आहे. मेणाऐवजी त्यांनी राळ वापरली. राळेला तडे जात, तड्यांतून रंग झिरपे आणि कापडावर बारीक शिरांसारख्या रेघा उठत. जावातल्या गिऱ्हाइकांना तो दोष वाटला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र लोकांना तेच आवडलं, कारण त्या शिरांमुळे एका तुकड्यासारखा दुसरा तुकडा नसतो. 1890 च्या दशकापासून हे कापड तिथे जोरात खपू लागलं.

कापड बाहेरून येत होतं, पण ते खपवलं बाजारातल्या बायांनी. कोणती नक्षी चालेल, कोणता रंग पडून राहील, हे त्या कारखान्याला सांगत. नक्षीला नावंही त्याच देत. उडत्या पाखराच्या नक्षीला घानात ‘पैशाला पंख असतात’ अशा अर्थाचं नाव पडलं. उघड्या पिंजऱ्यातून पाखरं उडताना दिसतात त्या नक्षीचं नाव ‘तू बाहेर गेलास तर मीही जाते’. बाई तसं लुगडं नेसून नवऱ्यासमोरून गेली की एक शब्द न बोलता निरोप पोचे. नाव पडलेलं कापड हातोहात जाई.

टोगोची राजधानी लोमे इथल्या काही व्यापारी बायांनी तर ठरावीक नक्ष्या विकण्याचा हक्कच आपल्या हातात ठेवला. ती नक्षी हवी तर त्यांच्याकडेच यावं लागे. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण मर्सिडीज बेंझ गाडीतून फिरत. म्हणून लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणू लागले. नाना म्हणजे तिकडे आई किंवा आजी.

मग जानेवारी 1994 मध्ये त्या भागातल्या चलनाची किंमत एका दिवसात निम्मी केली गेली. परदेशातून येणारं कापड दुपटीने महागलं. पुढे चीनमधून त्याच नक्ष्यांच्या स्वस्त नकला आल्या आणि नाना बेंझचा धंदा पार आटला. नक्षीला नाव त्यांनी दिलं होतं, पण कारखाना आणि चलन त्यांच्या हातात नव्हतं. आपण गटातून जे शिवतो, त्यातलं काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे एकदा बैठकीत बसून मांडून बघावं असं आम्हाला वाटतं.

आता धुण्याकडे वळू. हे कापड सहा किंवा बारा वारांनी विकतात. आधी ते खरं आहे का ते पाहा. राळेवर छापलेल्या कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच गडद असतात. नकलेची उलटी बाजू बहुधा फिकी असते. काठाचा एक धागा काढून जाळा. सुती असेल तर कागदासारखा वास येऊन राख होईल. वितळून गाठ झाली तर ते पॉलिस्टर आहे.

कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून ते ताठ लागतं. पांढरी चिंधी ओली करून त्यावर घासा. चिंधीला निळा, लाल लागला तर रंग सुटणार हे समजा. थंड पाण्यात सौम्य साबण घालून प्रत्येक रंग वेगळा धुवा. पाणी नितळ येईपर्यंत पाणी बदलत राहा. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं म्हणतात, पण कारखान्यात रंगवलेल्या कापडातला सुटा रंग त्याने धरत नाही. तो धुऊनच काढावा लागतो. ब्लीचिंग पावडर लावू नका. पिळ घालू नका. उलटं करून सावलीत वाळवा आणि थोडं ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा. कापणी त्यानंतर.

गोधडी पुढे जशी धुतली जाणार, तसंच हे कापड आधी धुवायचं. आपण आळस केला तर पहिल्याच धुण्यात एक तुकडा आटतो, दुसरा तसाच राहतो आणि टाके ओढले जातात. शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर निळे डाग पडतात. महिनाभराची मेहनत जाते आणि गिऱ्हाईकही जातं.

आफ्रिकेचा एक धागा आपल्या जवळही आहे. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकन माणसांचे वंशज, सिद्दी, आज उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ भागात राहतात. त्यांच्या बोलीत कोकणी आहे. तिथल्या बाया जुन्या साड्या-कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत आत जातात आणि कोपऱ्यांवर कापडाची फुलं लावतात. त्यात वॅक्स प्रिंट नसतं. असतं ते आपल्या गोधडीसारखंच, घरातल्या माणसांनी वापरून धुतलेलं कापड.

तुमच्या गावात गोधडीच्या टाक्यांना, नक्ष्यांना जी नावं आहेत ती लिहून ठेवा. म्हाताऱ्या बायांना विचारा, आणि विकताना गिऱ्हाइकाला ती नावं सांगा. आमच्याकडेही कळवा, पुढच्या भागात आम्ही ती वाचून दाखवू.