तेराव्यानंतर कोण येतं?

आजचा भाग जरा जड आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर सवडीने, थांबत थांबत ऐकलात तरी चालेल.

"आता घरी न्या, सेवा करा."

हे वाक्य आपल्याकडे कितीतरी घरांनी ऐकलंय. माझ्या काकूच्या वेळी आम्हीही ऐकलं. मी तेव्हा बारावीत होते. कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता. दवाखान्याने फाइल हातात दिली आणि आम्ही तिला गावी आणलं. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे कुणी सांगितलं नाही. भेटायला लोक यायचे, शहाळी आणायचे, पाच मिनिटं दारात उभे राहून "बरं वाटेल हो" म्हणायचे आणि निघायचे. रात्री दोन वाजता ती कण्हायला लागली की घरात फक्त आम्हीच असायचो.

ती गेली आणि तासाभरात अख्खी आळी आमच्या दारात. कुणी लाकडं बघितली, कुणी पाहुण्यांना फोन लावले. आमच्या घरात चूल पेटली नाही, पण शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी येत राहिली. तेरा दिवस काका एकटे असे बसलेच नाहीत. चौदाव्या दिवशी ओट्यावर ते एकटेच होते.

मी बरीच वर्षं समजत होते की हे असंच असतं. मग मला केरळमधल्या एका जिल्ह्याची गोष्ट कळली. तिथल्या शेजाऱ्यांनी दोन साध्या गोष्टी बदलल्या. ते आधी यायला लागले आणि नंतरही येत राहिले. तिथपर्यंत जायला आधी लंडनला एक चक्कर मारावी लागेल.

खिडकीसाठी पाचशे पौंड

सिसिली सॉन्डर्स मुळात नर्स होत्या. पाठदुखीमुळे ते काम सुटलं, मग त्या हॉस्पिटलमध्ये समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडहून आलेला ज्यू पेशंट भेटला. चाळिशीचा, कॅन्सर झालेला, परक्या शहरात एकटा. अशा माणसांसाठी वेगळी जागा असायला हवी, यावर दोघांचं खूप बोलणं व्हायचं. 1948 मध्ये तो गेला. जाताना त्याने सिसिलीबाईंच्या नावे 500 पौंड ठेवले, त्या घरातल्या एका खिडकीसाठी.

घर अजून अस्तित्वातच नव्हतं! ते उभं राहायला 19 वर्षं लागली. मधल्या काळात त्या डॉक्टर झाल्या, आणि 1967 मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. आधुनिक हॉस्पिसचा इतिहास सहसा इथून सांगतात.

त्यांचं एक म्हणणं आज साधं वाटेल. वेदना सुरू झाल्यावर औषध देऊ नका, ती परत येण्याआधीच, घड्याळ लावून द्या. आणि वेदना फक्त शरीराची नसते. मुलांचं काय होणार, कर्ज कोण फेडणार, मी असं काय पाप केलं, हे सगळं त्या दुखण्यातच मिसळलेलं असतं. 1969 पासून त्यांची टीम पेशंटच्या घरीही जायला लागली.

याच हॉस्पिसमध्ये कॉलिन मरी पार्क्स नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांचं लक्ष होतं मागे राहिलेल्यांकडे. 1969 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. 55 वर्षांवरच्या 4,486 विधुरांची नोंद त्यांनी तपासली. बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यातले 213 जण गेले. त्या वयाच्या विवाहित पुरुषांमध्ये जेवढे मृत्यू अपेक्षित असतात, त्यापेक्षा हे 40 टक्के जास्त. सहा महिने म्हणजे आपल्या हिशोबात तेरावा होऊन साडेपाच महिने. पार्क्स यांनी मग सेंट ख्रिस्तोफर्समध्ये शोकातल्या कुटुंबांसाठी सेवा उभी केली, आणि तिथे जाणारे होते प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, म्हणजे साधी माणसं.

अफू पिकवणारा देश

आता भारतात या. 1986 मध्ये मुंबईत, वांद्र्याला, कॅन्सर सर्जन डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती अवेदना सुरू केलं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत जाहीर केली. साध्या गोळीपासून सुरुवात, आणि शेवटच्या पायरीवर मॉर्फीन.

पण एकच वर्ष आधी, 1985 मध्ये, आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला होता. हेतू नशेचा व्यापार रोखण्याचा. पण कायद्यात किमान दहा वर्षांची शिक्षा, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, परवाने वेगळे, त्यांच्या मुदती वेगळ्या. दवाखान्यांनी आणि औषध दुकानांनी हात झटकले, नको ती भानगड म्हणून. 1997 पर्यंत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर 97 टक्क्यांनी घसरून जेमतेम 18 किलोवर आला. एवढ्या मोठ्या देशात अठरा किलो!

आणि गंमत बघा, गंमत कसली, मॉर्फीन ज्या अफूपासून बनतं, ती कायदेशीररीत्या पिकवणारा आपला देश. मध्य प्रदेशात नीमच आणि उत्तर प्रदेशात गाझीपूरला सरकारी कारखाने. अफू बाहेर जात होती आणि इथला पेशंट रात्री दोन वाजता कण्हत होता. हा आकडा वाचला तेव्हा मला काकू आठवली. आम्हाला वाटायचं, या दुखण्यावर औषधच नाही.

कायद्यात सुधारणा झाली 2014 मध्ये. म्हणजे जवळपास तीस वर्षांनी.

मलप्पुरमचे शेजारी

या तीस वर्षांत केरळमध्ये वेगळंच काहीतरी घडत होतं. 1993 मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्यासोबत अशोक कुमार नावाचे एक स्वयंसेवक, यांनी वेदनामुक्तीचं छोटं क्लिनिक सुरू केलं. लांबून लांबून लोक यायला लागले. पण जो उठूच शकत नाही, तो येणार कसा? आणि वेदना थांबली, तरी घरात तांदूळ नसेल तर डॉक्टर काय करणार?

यातून निघालेला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचा प्रश्न मुळात सामाजिक आहे. त्याला एक वैद्यकीय बाजू आहे, एवढंच. मग तो एकट्या डॉक्टरने कसा सोडवायचा?

1999-2000 च्या सुमारास शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावी गट बांधायला सुरुवात झाली. अट एकच, आठवड्याला निदान दोन तास द्यायचे. सोळा तासांचं शिक्षण, शिवाय चार दिवस अनुभवी माणसांबरोबर प्रत्यक्ष काम. दहा-पंधरा जण तयार झाले की गावाचा गट. स्वयंसेवक घरी जाऊन काय करायचे? कूस बदलून द्यायची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तोंड स्वच्छ करायचं. नर्सला बरोबर नेऊन जखमेची पट्टी बदलायची. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे नुसतं बसायचं. "काही होत नाही, बरे व्हाल" असा खोटा धीर द्यायचा नाही. उपदेश करायचा नाही. ऐकायचं.

पैसा बहुतेक गावातूनच, थोडाथोडा गोळा झालेला. त्यातून औषधं, गरज असेल तिथे धान्य, मुलांच्या शाळेचा खर्च. जिल्हा मुस्लिमबहुल, पण गटात सगळ्या धर्मांचे, सगळ्या पक्षांचे लोक. माणूस गेला की काम संपलं, असंही नाही. त्या घरी जाणं-येणं चालू राहायचं.

2008 मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरण आणलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. 2010 मध्ये 'इकॉनॉमिस्ट'च्या संशोधन विभागाने 40 देशांमध्ये मरणाच्या वेळची काळजी कशी घेतली जाते ते तपासलं. भारत चाळिसावा. पण त्याच अहवालात केरळचं कौतुक होतं. देशाच्या तीन टक्के लोकसंख्येचं राज्य, आणि देशातल्या अशा सेवांपैकी दोन-तृतीयांश तिथे.

एक शब्द, दोन अर्थ

आता मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट सांगते. पॅलिएटिव्ह केअरला मल्याळममध्ये म्हणतात 'सांत्वन परिचरणम्'. सांत्वन! शब्द आपलाच. पण आपण सांत्वनाला जातो ते माणूस गेल्यावर. तिथे सांत्वनाला जातात तेव्हा माणूस अजून बोलतोय, चहा मागतोय, चिडतोय.

"केरळचं सोडा, तिथे सगळे शिकलेले" असं तुम्ही म्हणाल. त्यात तथ्य आहे. तिथे साक्षरता जुनी, वाचनालयं गावोगावी, एका गावाला लागून दुसरं गाव. आपल्याकडे वाडीपासून वाडी लांब, आणि दोन तास देऊ शकणारी पोरं पुण्या-मुंबईला. महाराष्ट्राचंही 2012 पासून धोरण आहे, काही जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअरची सोयही आहे. पण कागदावरचं धोरण रात्री दोन वाजता कूस बदलून देत नाही.

तरी एक गोष्ट आपल्याकडे आधीच आहे, असं मला वाटतं. पिठलं-भाकरी घेऊन येणारी ती आळी. न बोलावता येणारी, कामं वाटून घेणारी. मलप्पुरममध्येही शेजारी आकाशातून पडले नव्हते. होते त्याच लोकांना कुणीतरी शिकवलं, की दारात उभं राहू नका, आत या, बसा, आणि हे असं करा. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं म्हणून आमची माणसं दारात थांबली. ती वाईट नव्हती, घाबरलेली होती. मीही घाबरलेलीच होते. अभ्यासाचं निमित्त करून मी त्या खोलीत जायचं टाळायचे.

म्हणून आज दोन छोट्या गोष्टी. ओळखीच्या घरात कुणाला "घरी न्या" सांगितलं असेल, तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करून द्या. दमलेल्या नातेवाइकांना हे सुचत नाही, तुमच्या हातात फोन आहे. आणि ओळखीत कुणी गेलं असेल, तर तेराव्यानंतरची एक तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. दीड महिन्याने एक, चार महिन्यांनी एक. त्या दिवशी जा, नाहीतर फोन करा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल.

काकू गेल्यावर मी पुण्याला शिकायला आले. काकांना पहिला फोन केला तो थेट दिवाळीला. त्यांनी फार काही विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच. मग म्हणाले, "तुझी काकू असती तर चकल्या पाठवल्या असत्या." आणि पुढचा अर्धा तास ते तिच्याबद्दल बोलत राहिले. मला वाटतं, एवढ्या महिन्यांत त्यांना ते कुणी बोलूच दिलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.