नारोशंकराची घंटा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दिल्लीतील मराठ्यांविषयी लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप पानिपताकडे वळते. आम्हीही तेथूनच आरंभ करतो. परंतु आम्हांस सांगावयाची आहे ती एका घंटेची कथा.

१७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊ दिल्लीत होते. फौजेच्या खर्चास पैसा नव्हता, म्हणून लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. पुढे भाऊ कुंजपुऱ्याकडे निघाले, तेव्हा दिल्लीचा बंदोबस्त त्यांनी नारोशंकर राजेबहाद्दर यांच्याकडे सोपविला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पराभव झाला आणि नारोशंकरांना दिल्ली सोडावी लागली.

दिल्ली त्यांना विसरली. नाशिक विसरले नाही. पंचवटीत गोदाकाठी त्यांनी १७४७ मध्ये बांधविलेले रामेश्वराचे देवालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच्या दर्शनी तटावर जी भली मोठी घंटा आहे, तीच 'नारोशंकराची घंटा'. गोदेच्या महापुराचे माप सांगतानाही जुने नाशिककर तिचे नाव घेतात.

या घंटेवरील अक्षरे मात्र पोर्तुगीज आहेत आणि साल आहे १७२१. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यांपैकीच ही एक, असे परंपरा सांगते. अप्पांनी वाहिलेली अशीच एक घंटा भीमाशंकरास आहे. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल असून बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे.

घंटेचे कांसे म्हणजे साधारणतः चार भाग तांबे आणि एक भाग कथील. कथिलामुळे नाद येतो, पण धातू ठिसूळ होतो. तोफेच्या धातूत कथील जेमतेम दहावा हिस्सा असते. म्हणजे घंटा वितळवून त्यात तांबे वाढविले की तोफ ओतता येते. रशियाच्या पीटर बादशहाने १७०० साली नार्वाच्या लढाईत तोफा गमावल्यावर चर्चच्या घंटा उतरवून हेच केले.

याच धातूची दुसरी तऱ्हा जावा बेटावर पाहावयास मिळते. तेथील गामेलान या वाद्यमेळास युनेस्कोने २०२१ मध्ये मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आपली घंटा ओतीव, तर त्यांचा गाँग घडीव. कांशाची जाड चकती भट्टीत लाल करावयाची, कारागिरांनी पाळीपाळीने घण घालावयाचे, निवू लागली की पुन्हा भट्टीत ठेवावयाची. निवालेल्या चकतीवर घाव बसला तर ती तडकते. शेवटी ठोकून व खरवडून सूर जुळवितात. मोठ्या गाँगला 'क्याई' हे आदराचे उपपद लावून नाव देतात आणि फुले व धूप वाहतात. नाद देणारा धातू ही निर्जीव वस्तू नव्हे, ही भावना आपल्यालाही परकी नाही.

वसईच्या घंटा ही लूटच होती, हे आम्ही नाकारीत नाही. वसईच्या ख्रिस्ती माणसाला नाशकात ही घंटा पाहून काय वाटत असेल, हाही प्रश्न मनात येतोच. परंतु दिल्लीचे चांदीचे छत वितळले आणि त्याची नाणी कोठच्या कोठे गेली. या घंटा मात्र वितळविल्या गेल्या नाहीत, की त्यांच्यावरील परकी अक्षरेही कोणी घासून काढली नाहीत. शिवालयाच्या दारी मेरीची आकृती तशीच राहिली.

आम्ही नोकरीनिमित्त दिल्लीस आलो आणि येथेच पन्नाशी ओलांडली. नोएडा-गुरुग्रामपर्यंत पांगलेल्या आपल्या घरांतील मुले मराठी वाचतील काय, ही चिंता मंडळाच्या प्रत्येक बैठकीत निघते. आमचे सांगणे एवढेच, की पुढल्या सुटीत मुलांना नाशकास न्यावे आणि ती घंटा दाखवावी. परक्या अंगणात तिने जवळजवळ तीन शतके काढली. तेथल्या देवाची ती झाली. पण आपली अक्षरे तिने अजून अंगावर बाळगली आहेत.